बक्षीस कुणाच्या हातात

हिमालयात जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती बक्षिसाची. आमच्या चौघांच्या टोळीचे पैसे माझ्याकडे दिले होते आणि परतताना गाइडला आणि हमालांना बक्षीस द्यायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. ते किती द्यायचं, कधी द्यायचं, कुणाच्या हातात द्यायचं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होतो. आमच्या टूलरूमच्या फोरमनसाहेबांना डोंगरांचं वेड होतं. रविवारी ते आम्हाला घोरवडेश्वरच्या डोंगरावर न्यायचे, पाठीवरच्या पिशव्यांत विटा भरून. हसायची सोय नव्हती, कारण स्वतःच्या पिशवीत ते आमच्यापेक्षा जास्त विटा भरत. त्या वर्षी त्यांनी मे महिन्यात कुमाऊँमधल्या एका हिमनदीपर्यंत जायचा बेत केला. ते, अकाउंट्समधला एक क्लार्क, रहाटणीचा एक फिटर आणि मी, असे चौघे निघालो. फिटर म्हणजे माझा दोस्त. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातला, अंगानं दणकट. पहिली पाळी संपली की घरी जाऊन ऊस बांधणारा.

पैसे माझ्याकडे देण्याची सूचना क्लार्कनं केली. आमच्या वस्तीत बुद्धजयंतीची वर्गणी मी गोळा करायचो, युनियनच्या कमिटीतही होतो. बायकोनं बनियनला आतून एक खिसा शिवून दिला. तिला सहावा महिना होता. दोरा दातानं तोडता तोडता ती म्हणाली, "अहो, रात्री झोपतानासुद्धा हे काढू नका." मी नाही काढलं. पण त्या खिशानं मला फार छळलं. रेल्वेत, बसमध्ये, चहा पिताना हात आपोआप छातीकडे जायचा.

बक्षिसाबद्दल फोरमनसाहेबांनी कँटीनमध्येच सांगून ठेवलं होतं. "बक्षीस शेवटच्या दिवशी, एकरकमी, आणि गाइडच्या हातात. तो त्याच्या माणसांना वाटून देईल. आधी दिलं की माणसं सुटतात."

क्लार्कनं मान डोलावली. मीही डोलावली. पण बक्षीस या शब्दाशी माझी ओळख दुसऱ्या बाजूनं होती. पिंपरीत कारखाने उभे राहत होते तेव्हा, साठनंतरच्या वर्षांत, आम्ही साताऱ्याकडून इथं आलो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बांधकामावर विटा आणि सिमेंटची पोती वाहायचे. दिवाळीला इंजिनिअर सगळ्या हमालांचं मिळून बक्षीस मुकादमाच्या हातात द्यायचा. मुकादम संध्याकाळी खाटेवर बसून ते वाटायचा. दादा घरी येऊन ते पैसे ट्रंकेवर ठेवायचे आणि पाय धुवायला मोरीत जायचे. आई ट्रंकेकडे बघून एवढंच म्हणायची, "इतकंच?" मोरीतून पाण्याचा आवाज येत राहायचा.

निघायच्या दिवशी दादा उंबऱ्यात बसले होते. मी पाया पडलो तेव्हा म्हणाले, "मधल्या माणसाकडं पैसं देऊ नगंस. ज्येनं वझं उचाललं त्येच्या हातात ठेव."

"साहेबांनी ठरवलंय, दादा. गाइडकडं द्यायचं म्हणून."

"मग ऱ्हायलं," ते म्हणाले आणि बाजूला सरकून मला वाट दिली.

शेवटच्या बसथांब्यावर गाइडचं दुकान होतं. चहा, पीठ, रॉकेल, काड्यापेट्या. टपालाची थैलीही बसवाला तिथंच टाकायचा. गाइड चाळिशीचा, करडा कोट घातलेला, कमी बोलणारा माणूस. मला तो आवडला. त्यानं आमचं सामान उचलून उचलून पाहिलं आणि तीन हमाल आणले. दोघे तरुण सख्खे भाऊ होते. तिसरा म्हातारा. त्याला सगळे दाज्यू म्हणत. त्यांच्या बोलीत दाज्यू म्हणजे थोरला भाऊ, असं गाइडनं सांगितलं, म्हणून आम्हीही त्याला दाज्यूच म्हणू लागलो.

माझी पिशवी दाज्यूच्या वाट्याला आली, फोरमनसाहेबांच्या लाल पिशवीबरोबर. दोन्ही एकत्र बांधून, पट्टा कपाळावर घेऊन तो उभा राहिला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा मला दिसल्या आणि मी पुढे होऊन माझ्या पिशवीतलं जड सामान काढायला लागलो. बूट, डबा, चादर. ते सगळं एका गाठोड्यात बांधून मी खांद्याला अडकवलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा उतरला.

"साहब, मजूरी कटेगी क्या?"

"नहीं, नहीं. ऐसेही लिया."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं ओझं खाली ठेवलं, माझ्या खांद्यावरून गाठोडं काढून घेतलं आणि एकेक वस्तू परत पिशवीत भरली. मग मी मोकळ्या हातांनी त्याच्यामागून चालत राहिलो. ओझं नसूनही मला चालणं जड जात होतं. त्याचा पाय सरकला की मी थांबायचो. तो थांबून काठीवर ओझं टेकवायचा तेव्हा मीही उगाच दम लागल्यासारखं करायचो.

"राव, जरा मोकळं चाल की," फिटर मागून म्हणाला. "त्याचं काम हाय त्ये. तू काय त्याची राखण करायला आलायस व्हय?"

पुढचे दिवस बरे गेले. चढ चढून खिंड ओलांडली, जंगलातून उतरलो, शेवटच्या गावात बटाटे घेतले. हिमनदीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन होतं. फोरमनसाहेबांनी कॅमेरा काढून सगळ्यांचे फोटो घेतले, हमालांचेसुद्धा. दाज्यूनं फोटोसाठी टोपी काढली आणि साहेबांनी ती पुन्हा घालायला लावली. मी त्या दिवशी बक्षिसाचा विचार जवळजवळ विसरलो.

परतीच्या वाटेवर दोन नद्यांच्या संगमाजवळ एक जुना बंगला होता. तिथं मुक्काम होता. दुपारी मी ओढ्यावर भांडी घासत होतो, तेव्हा दाज्यू येऊन शेजारच्या दगडावर बसला. थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"बाबूजी, एक बात पूछें? बख्शीश किसके हाथ में दोगे?"

माझ्या हातातली थाळी तशीच राहिली. "क्यों?"

"गाइड के हाथ में दोगे तो आधा उसके पास रह जाएगा. हर बार रहता है."

"आधा क्यों रखता है?"

"काम वही लाता है." हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दिवस मावळतो असं सांगावं तसं सांगितलं. "इस बार हमको अपने-अपने हाथ में दे दो."

थोड्या अंतरावर ते दोघे भाऊ उभे होते. आमच्याकडे न बघता बघत होते. तिघांनी आपसात बोलून म्हाताऱ्याला पाठवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. युनियनमध्ये आम्हीही असंच करायचो. साहेबाकडे जायचं तर वयानं मोठा माणूस पुढे.

"साहब से पूछता हूँ," मी म्हणालो आणि थाळी पुन्हा घासायला लागलो.

चहाच्या वेळी मी फोरमनसाहेबांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"इथं आपण युनियन करायला आलेलो नाही."

"तसं नाही साहेब. पैसे त्यांचेच आहेत. आपण फक्त..."

"हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या तो पूल ओलांडायचा आहे. येताना बघितलास ना कसा होता? ह्या नदीतलं काय कुठं आहे ते त्या एका माणसाला माहीत आहे. त्याला त्याच्याच लोकांसमोर दुखवायचं आणि त्याच्याच भरवशावर पलीकडे जायचं, हे कसं जमायचं?"

क्लार्कही म्हणाला, "प्रत्येक ठिकाणची एक पद्धत असते. आपण मोडू नये."

ते चूक बोलत होते असं मला वाटलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. त्यातून माझ्या कामाचा अहवाल फोरमनसाहेब लिहीत. ओव्हरटाइम कुणाला द्यायचा ते तेच ठरवत. घरी नवीन बाळ येणार होतं, आणि ओव्हरटाइमशिवाय आमचं भागत नव्हतं. दाज्यू दाराबाहेर लाकडं फोडत बसला होता. मी बाहेर गेलो की तो मान वर करायचा. मी दुसरीकडे बघायचो. शेवटी मी बाहेर जायचंच टाळलं.

सकाळी पाऊस लागला. बारीक, पण न थांबणारा. नदीवर पोचलो तेव्हा पाणी मातकट झालं होतं. पूल म्हणजे शेजारी शेजारी टाकलेले लांब ओंडके, वर सपाट दगड आणि झुडपांच्या फांद्या. मधले दगड वाहून गेले होते आणि एक ओंडका तिरका झाला होता. गाइडनं तो पायानं हलवून पाहिला. म्हणाला, लगेच जायला हवं, दुपारी वरचं बर्फ वितळलं की पाणी आणखी चढेल.

तिघा हमालांनी ओझी खाली ठेवली आणि ते बसले.

कुणी आरडाओरडा केला नाही. पावसात, ओल्या दगडांवर, गुडघ्यांना हात बांधून ते बसले. गाइड त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलला. आधी हळू, मग जोरात. ते त्याच्याकडे बघत नव्हते. तिघेही माझ्याकडे बघत होते. गाइडच्या ते लक्षात आलं. तो माझ्याकडे वळला.

"बाबूजी, आपने इनसे कुछ कहा है?"

मी साहेबांकडे बघितलं. फोरमनसाहेबांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे अडवून धरणं झालं. ऐन नदीवर."

तसंच होतं ते. पण दोन वर्षांपूर्वी आम्हीही कंपनीच्या गेटवर बसलो होतो, आणि माल भरून ट्रक उभे होते तोच दिवस धरून बसलो होतो. फोरमनसाहेब तेव्हा गेटच्या आत होते. त्यांनाही बहुतेक तेच आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत राहिले आणि पुढचं बोलले नाहीत. पाण्याचा आवाज वाढल्यासारखा वाटत होता. खरंच वाढत होता की माझ्या कानांतच होता, कळत नव्हतं.

फिटर म्हणाला, "सायेब, पानी काय आपल्यासाठी थांबणार न्हाई. काय करायचं त्ये बिगीनं करा."

"तू पैसे काढायचे नाहीत," साहेब मला म्हणाले.

तोवर मी शर्टाची बटणं काढली होती. मी विचार करून केलं असं मला म्हणता येत नाही. हे एकदाचं संपावं असं वाटत होतं. मी आतल्या खिशातून पैसे काढले, पाठमोरा होऊन बक्षिसाच्या नोटा वेगळ्या केल्या आणि तिघांच्या हातांत दिल्या. भावांनी त्या लगेच आत कोंबल्या. दाज्यूनं आपल्या नोटा कपाळाला लावल्या, टोपी काढली, टोपीच्या अस्तरात सारल्या आणि टोपी खाली ओढून घेतली. गाइडचा वाटा घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो नदीकडे बघत होता.

"बाद में," तो म्हणाला.

"आता जातील हे," क्लार्क माझ्या कानाशी कुजबुजला. "पैसे मिळाले, आता कशाला थांबतील?"

मलाही तीच भीती होती. पण ते उठले, ओझी उचलली आणि पट्टे कपाळावर घेतले.

गाइड आधी दोर घेऊन पलीकडे गेला. दोराची दोन्ही टोकं दोन काठांवर बांधली. मग एक भाऊ गेला, मग दुसरा. मग दाज्यू. ओझी नेऊन झाल्यावर ते आमच्यासाठी परत येणार होते. दाज्यू एका हातानं दोर धरून, आडवी पावलं टाकत मध्यावर पोचला, आणि तिथं तो तिरका ओंडका फिरला.

त्याचा एक पाय दोन ओंडक्यांच्या मध्ये गेला आणि अडकला. ओझं एका बाजूला कलंडलं. पट्टा कपाळावरून निसटून गळ्याशी आला. पिशव्या पाण्याला टेकल्या, पाणी त्यांना ओढायला लागलं आणि त्यांच्याबरोबर त्याचं डोकं. तो ओरडला नाही. मी ओरडलो असेन. फिटर पूल गाठायला धावला, पण आमच्या बाजूनं अंतर जास्त होतं.

गाइड ओंडक्यावर पोटावर पडला आणि सरपटत आला. कमरेचा विळा काढून त्यानं पट्टा कापला. पिशव्या सुटल्या, माझी लगेच बुडाली. लाल पिशवी एकदा वर आली, फिरली आणि दगडांआड गेली. तिच्यात कॅमेरा होता, सगळे फोटो होते, साहेबांचा स्वेटर होता. साहेब दाज्यूकडेच बघत होते. गाइडनं दाज्यूला काखेत धरलं, एका भावानं ओंडका उचकटला आणि दोघांनी त्याला पलीकडे ओढत नेलं.

आम्ही कसे ओलांडलो ते मला नीट आठवत नाही. मी बसून, घसरत घसरत गेलो एवढं आठवतं. एकच विचार डोक्यात होता. आम्ही पैशांवरून थांबलो नसतो तर पाणी इतकं नसतं. अर्धा तास, जास्तच, आम्ही त्या काठावर घालवला होता. आणि तो मेला तर ते पैसे टोपीत घेऊन मरेल.

तो मेला नाही. पण गुडघ्याखाली पाय मोडला होता. क्लार्कनं कंपनीत प्रथमोपचाराचा वर्ग केलेला होता. आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करायचो. त्यानं आमच्या दोन काठ्या घेतल्या, मफलर फाडला आणि पाय घट्ट बांधला. दाज्यू डोळे मिटून पडला होता. टोपी अजून डोक्यावरच होती.

तिथून गाडीरस्त्यापर्यंत आम्ही त्याला उचलून आणला. कधी घोंगडीची झोळी करून, कधी पाठीवर. बहुतेक वेळ फिटरच्या पाठीवर. गाइडनं आणि भावांनी उरलेलं सामान घेतलं, साहेबांनीही एक गाठोडं उचललं. माझी पाळी आली की दाज्यू माझ्या कानाशी सारखा म्हणायचा, "उतार दो बाबूजी, थोड़ा उतार दो." त्याला दुखत होतं म्हणून म्हणत असेल. पण आम्ही त्याला वाहतोय याची त्याला लाज वाटत होती, असं मला वाटलं. वाटेत गाइड माझ्याशी बोलला नाही. वाट दाखवायची असली तर फिटरला सांगायचा.

दुकानापाशी पोचलो तेव्हा जंगलखात्याची जीप खाली निघाली होती. दाज्यूला त्यात झोपवलं, एक भाऊ बरोबर गेला. शहरात इस्पितळ होतं. जीप वळणाआड गेल्यावर साहेब मला म्हणाले, "गाइडचे दे आता."

गाइड दुकानात गल्ल्यामागे बसला होता. मी नोटा पुढे केल्या.

"रख लो," तो म्हणाला.

"ये आपका हक है."

"हक?" त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आपने मुझे इनके सामने चोर बना दिया, बाबूजी. आधा मैं रखता हूँ, ये सबको मालूम है. छुपा के नहीं रखता. सर्दी में जब इनके घर आटा नहीं होता, तब कहाँ आते हैं? इसी दुकान पे. अब इसकी टाँग का खर्चा कौन देगा? आप तो कल रेल में बैठ जाओगे."

आमचा मुकादमही असंच म्हणायचा, आजारीपाजारी माणसासाठी ठेवतो म्हणून. दादांच्या पायावर वीटभट्टीचा गाडा गेला तेव्हा तो फिरकला नव्हता. पण हा माणूस तो मुकादम नव्हता. ह्यानं माझ्या डोळ्यांदेखत ओंडक्यावरून सरपटत जाऊन एका माणसाला वाचवलं होतं. ते करणारा माणूस अर्धे पैसे खाऊ शकत नाही, असंही कुठं आहे? मी तिथं उभा राहून दोन्हीकडून विचार करत होतो आणि नोटा माझ्या हातात ओल्या होत होत्या.

साहेब माझ्यामागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातातून नोटा घेतल्या, गल्ल्याशेजारी ठेवल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तराजूतलं एक वजन त्यांच्यावर ठेवलं. बस येईपर्यंत आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसलो. गाइडनं त्या नोटांना हात लावला नाही.

घरी आल्यावर मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी पायाचं विचारलं.

"सांधंल का?"

"डॉक्टर बघतील म्हणाले."

मग म्हणाले, "त्यो दुकानवाला खरं बोलत आसंल." आणि थोड्या वेळानं, "खोटं बी बोलत आसंल. इतक्या लांबनं कसं कळायचं?"

माझं सांगणं त्यांना पटलं की नाही, मी योग्य केलं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग फोरमनसाहेबांची धास्ती सुरू झाली. त्यांचं न ऐकता पैसे काढले होते. त्यांची पिशवी गेली होती. दर आठवड्याला पाळ्यांचा कागद बोर्डावर लागायचा तेव्हा मी गर्दी ओसरल्यावर वाचायला जायचो. ओव्हरटाइमच्या यादीत माझं नाव असायचं. ते असलं की मला वाटायचं, पुढच्या वेळी नसेल. ते माझ्या लेथपाशी थांबले की हातातला जॉब बिघडायचा. मुलगी झाली तेव्हा त्यांनी पेढा घेतला, "छान" म्हणाले, गेले. मला त्या "छान"चाही अर्थ लागेना.

दिवाळीच्या सुमाराला एक दिवस ते लेथशी येऊन उभे राहिले. मी मशीन बंद केलं.

"त्या म्हाताऱ्याचं काही कळलं का?"

"नाही, साहेब."

"काहीतरी पाठवायला हवं." थोडं थांबून म्हणाले, "कॅमेरा माझ्या मेव्हण्याचा होता. अजून बोलत नाही तो माझ्याशी." हसले नाहीत, पण हसल्यासारखंच ते बोलणं होतं. माझ्या छातीवरचं काहीतरी त्या दिवशी हललं.

आम्ही चौघांनी पैसे काढले. साहेबांनी जास्त घातले. पण पाठवायचे कुठं? दाज्यूच्या गावाचं नाव आम्हाला नीट माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या डोंगरात पोस्टमन जात नव्हता. एकच पत्ता होता, त्या दुकानाचा.

"म्हणजे शेवटी त्याच्याच हातात," साहेब म्हणाले.

मनीऑर्डर मीच केली. नाव दाज्यूचं, पत्ता दुकानाचा. पोचपावती आली, तिच्यावर एक अंगठा होता. तो कुणाचाही असू शकत होता. रात्रपाळीला जाताना, मुलीला खेळवताना, मधूनच माझ्या मनात यायचं, तो पाय कसा असेल.

पुढच्या मे महिन्यात कारखान्यातली दुसरी टोळी तिकडे गेली. मुलगी लहान होती म्हणून मी गेलो नाही. फिटर गेला. तो परत आला तेव्हा माझी दुसरी पाळी होती. गेटपाशी तो बाहेर पडत होता, मी आत जात होतो. त्यानं मला कोपऱ्यात ओढलं.

"भेटला म्हातारा."

"चालतो का?"

"चालतो की. लंगडत चालतो. वझं न्हाई उचलत आता. त्या दुकानात बसतो, पीठ मोजून देतो गिऱ्हाइकाला. मला लांबनं वळखलं त्यानं."

"पैसे मिळाले का त्याला?"

"मीबी त्येच इचारलं. म्हनला, पैसे न्हाई घेतले, पीठ घेतलं. अख्खा हिवाळा."

"किती?"

"त्ये न्हाई मोजलं म्हनला." फिटरनं खांदे उडवले. "घरात चूल पेटत हुती म्हनला. दवाखान्याचं बी गाइडनंच दिलं म्हनला. आता त्ये आपल्या पैशातनं दिलं का पदरचं, मला काय ठावं?"

"आणि ह्या वेळचं बक्षीस? ते कुणाकडं दिलं?"

"दुकानात समद्यांना बोलवलं आन फळीवर ठेवलं. मंग गाइडनंच वाटलं, समद्यांच्या म्होरं."

"त्यानं स्वतःला किती ठेवलं?"

"बघितलं न्हाई, राव. मी भाइर म्हाताऱ्यासंगं इडी वडत बसलो हुतो." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला लई घोर लागलाय त्येचा. पाय सांधला की त्याचा. तेवढं धर आन जा कामाला."

भोंगा झाला. मागून माणसं ढकलायला लागली. तो सायकलीकडे गेला आणि मी आत शिरलो. साहेब टूलरूमच्या दारातच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "चालतोय म्हणे, लंगडत." त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि मला त्या दिवशीचं ड्रॉइंग दिलं.